गोलातला जावई

अन्वरच्या डोक्यात तिडीक गेली ती शुक्रवारी सकाळी, आणि तीही त्याच्या सासऱ्यामुळे. हमदुल्ला परकार दारात आले, सलाम झाला, चहा नको म्हणाले आणि सरळ हात पुढे केला.

“गोलकीपरची जर्सी दे. आज युसुफ गोलात उभा राहील. तू फुलबॅकला खेळ.”

युसुफ म्हणजे हमदुल्लांचा नवा जावई, धाकट्या अजराचा नवरा. परवाच मुंबईच्या बोटीनं दुबईत उतरला होता. अन्वर थोरला जावई, रशीदाचा नवरा. नव्या जावयाचा मान ही रत्नागिरीची मंडळी समुद्र ओलांडतानाही बरोबर घेऊन आली होती. पहिलं ताट त्याचं, जमातीच्या बैठकीत मोठ्यांशेजारची जागा त्याची, खाडी ओलांडताना होडीत सावलीची फळी त्याची. इथवर ठीक. पण गोल? गोल म्हणजे काय शिरखुर्म्याची वाटी आहे, पाहुणा आला की पुढे सरकवायला?

“मामू, आज लीगची शेवटची मॅच आहे,” अन्वर म्हणाला. “ड्रॉ काढला तरी कप आपला. पण समोरचे खोर फक्कानवाले एवढा डोंगर ओलांडून हात हलवत परत जायला येत नाहीत.”

“इन्शाल्ला निघेल ड्रॉ. युसुफ कॉलेजात खेळायचा. सगळी जमात बघायला येणार आणि माझा नवा जावई बाजूला बसणार? लोग क्या बोलेंगे? खलास. जर्सी दे.”

अन्वरनं दिली. न देऊन सांगतो कुणाला? निम्म्या टीमला गोदीत काम लागलं ते हमदुल्लांच्या शब्दावर, आणि तोही त्यांतलाच एक.

थंडी सुरू झाली तेव्हा किनाऱ्यावरच्या या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये कोकणी टीमला कुत्रं विचारत नव्हतं. बँकवाल्यांकडे विलायती बूट होते, शारजाच्या विमानतळवाल्यांकडे इंग्रज कोच होता. यांच्याकडे अन्वरचे हात होते. मनखूल वस्तीपलीकडच्या खारट, टणक वाळूत तो झेपा घ्यायचा आणि कोपरं सोलून घरी यायचा. बलुची हमालांची पेनल्टी त्यानं पोटावर घेतली तेव्हा दोन दिवस त्याला धड जेवता आलं नव्हतं. सगळ्या सीझनमध्ये तो एकदाही गोलातून हलला नव्हता. आज मात्र कप समोर आला आणि उचलायला दुसराच.

“जाऊ द्या ना,” रशीदा म्हणाली. “अजराला वाईट वाटेल. अम्मीनं केवढी बिर्याणी टाकलीय त्याच्यासाठी.”

“आणि मला वाईट वाटत नाही?”

“तुम्ही घरचेच.”

घरचेच! ज्याला काहीही सांगावं आणि ज्यानं ते मुकाट्यानं ऐकावं, तो घरचा. अन्वर न जेवताच बाहेर पडला.

मॅच सुरू झाली. कोकणी टीमनं लवकरच एक गोल मारला आणि ताडपत्रीच्या सावलीत बसलेली जमात नाचायला लागली. मग खोर फक्कानच्या एका पोरानं लांबून साधा बॉल मारला, अन्वरनं सहज उचलला असता असा. युसुफ वाकला, आणि बॉल त्याच्या पायांमधून आत गेला.

“अरे, कॉलेजात काय खेळायचास तू?” अन्वर त्याच्या अंगावर धावून गेला.

“कॅरम, भाईजान.” युसुफ रडायच्या बेतात होता. “मामूंनी एवढंच विचारलं, खेळायचास ना? मी हो म्हटलं. तुम्ही या ना गोलात. प्लीज. मी पळतो कुठेतरी पुढे.”

रेफ्रीची हरकत नव्हती. जर्सी बदला आणि खेळा, म्हणाला. पण जमातीसमोर हमदुल्लांना डावलायचं कसं? अन्वरनं तिथूनच हाक मारली, “मामू, बदलतो!” हमदुल्लांनी खुर्चीतूनच हात झटकला. नाही म्हणजे नाही. निम्मी काढलेली जर्सी युसुफनं पुन्हा खाली ओढली.

थोड्याच वेळात दुसरा गोल झाला. दोन-एक. कप चालला हातचा. आता अन्वरचा तोल गेला.

“मान द्यायचा तर पंगतीत द्या!” तो ताडपत्रीकडे तोंड करून ओरडला. “गोल कसला देता? पोरं सगळा सीझन वाळूत घासली, ती काय याच्या आहेरासाठी?”

शेजारी कुणीतरी हसलं. नूरुद्दीन. अन्वरच्या जोडीला फुलबॅक खेळणारा, वयानं मोठा, कधी फारसं न बोलणारा.

“हसताय काय, नूरुद्दीनभाई?”

“तू गोलात कसा आलास, अन्वर?”

“कसा म्हणजे?”

“तुझं लग्न झालं, बोटीतून उतरलास, आणि हमदुल्लाचाचांनी माझ्या अंगातली जर्सी काढून तुला घातली. पहिल्याच मॅचला चार गोल खाल्लेस. टीमनं मुकाट बघितलं, नवा जावई म्हणून.”

नूरुद्दीन पूर्वी गोलात असायचा हे अन्वरला ठाऊक होतं. कंटाळून सोडलं असेल, असं तो धरून चालला होता. आता भर मैदानात त्याच्या कानशिलांत आग पेटली.

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“बोललो होतो. तुझ्यापाशीच. तू म्हणालास, एवढं काय त्यात, फुलबॅकला खेळा.”

अन्वरला काही केल्या ते आठवेना. नूरुद्दीन खोटं बोलत नव्हता हे मात्र त्याला तोंडाकडे बघूनच कळलं. तो ताडताड गोलाकडे गेला, युसुफच्या अंगातली जर्सी ओरबाडून काढली आणि नूरुद्दीनसमोर धरली. तिकडे हमदुल्ला खुर्चीतून उठून ओरडत होते. त्यानं लक्ष दिलं नाही.

“घ्या. जा गोलात.”

“आता?” नूरुद्दीनचा आवाज कधी नव्हे तो चढला. “तीन वर्षं बॉलला हात लावला नाही मी! विसरलो ते सगळं. आता जर्सी देतोय मला!”

“यल्ला, यल्ला! चला लवकर, कीपर कोण?” रेफ्रीनं विचारलं. नूरुद्दीन पाठ फिरवून आपल्या जागी जाऊन उभा राहिला होता. अन्वरनं जर्सी चढवली.

उरलेल्या वेळात त्यानं एकही गोल खाल्ला नाही. पुढच्यांना मात्र बरोबरीचा गोल काही मारता आला नाही, आणि कप खोर फक्कानच्या लँड रोव्हरमध्ये गेला. जमात ताडपत्री गुंडाळायला लागली. कुणीतरी अन्वरच्या पाठीवर थाप मारायला आला, म्हणाला, “सुरुवातीपासून तूच गोलात असायला हवा होतास.” अन्वरनं त्याला अशी काही शिवी हासडली की बूट सोडत बसलेल्या नूरुद्दीननंसुद्धा मान वर करून पाहिलं.