डोक्यावरचं आभाळ

ढगमावशीचं खरं नाव शाळेतल्या एकाही मुलाला ठाऊक नव्हतं. मुख्याध्यापिकाबाईंची ही धाकटी बहीण कुंपणापलीकडच्या उंच मनोऱ्याखाली बसते आणि दिवसभर ढगांवर पाळत ठेवते, एवढी माहिती त्यांना पुरे होती. मनोऱ्यावर पांढरा घुमट होता आणि घुमटात रडारची भली मोठी थाळी गरगर फिरायची.

"विहिरीत हाक मारली की परत येते ना, तसंच," मावशी मुलांना सांगायची. "ही थाळी आभाळाला हाक मारते. वाटेत थेंब किंवा गारा असल्या की हाक त्यांच्यावर आपटून माघारी येते. किती वेळानं आली त्यावरून वादळ किती लांब ते कळतं, आणि किती जोरात आली त्यावरून ते किती तापट ते."

तापट वादळांच्या अभ्यासात तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती. कुठल्या ढगाच्या पोटात गारा वाढताहेत, हे ती पडद्यावरच्या रंगांवरून ओळखायची. फक्त दोन वर्षांपूर्वी एकदा घोटाळा झाला. पडद्यावर पसरत जाणारं गोल कडं पाहून तिनं घाईघाईनं शाळेची सहल रद्द करायला लावली, आणि ते वादळ निघालं तळ्यावरून एकदम उडालेल्या पाखरांचं. "पाखरंच नको त्या वेळी उडाली," असं मावशीचं म्हणणं होतं. आपली चूक तिनं जन्मात कबूल केली नव्हती. लहानपणी हातून बरणी फुटली, तेव्हाही बरणीच घसरली होती.

त्या दिवशी मैदानावर शर्यती होत्या. चारशे मुलं, आणि सावलीसाठी लोखंडी खांबांवर ताणलेलं कापड. अकराच्या सुमारास ताईचा फोन आला.

"धाकटे, वर जरा काळं दिसतंय गं."

मावशीनं पडद्यावर नजर टाकली. मधोमध, जिथं मनोरा आणि शाळा होती, तिथं लख्ख मोकळं. "काही नाही. पडदा साफ आहे. खुशाल पळव मुलांना."

"नक्की?"

"मी सांगतेय ना."

दहाच मिनिटांत दुसरा फोन वाजला. शंभर किलोमीटरवरच्या रडारवर तिचा एक जुना विद्यार्थी कामाला होता.

"मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"ते प्रश्नावर आहे. विचार."

"आज बाहेर डोकावलात का?"

"माझ्या खोलीला खिडकी नाही. का रे?"

"तुमच्या बरोब्बर डोक्यावर ढग बसलाय. बघता बघता दहा किलोमीटर उंच झाला. वरचा भाग गारांनी भरलाय."

मावशीनं पडद्यावरच्या मधल्या मोकळ्या जागेकडे पुन्हा पाहिलं. थाळीनं मान कितीही वर केली तरी तिला सरळ डोक्यावरचं बघता येत नाही. तिथं नरसाळ्यासारखी एक आंधळी जागा उरते, वर वर रुंद होत जाणारी. नव्या माणसांना ती पहिल्याच दिवशी हे शिकवायची. ताईला तिनं ज्या आभाळाची हमी दिली, ते आभाळ कुणी पाहिलंच नव्हतं.

"किती वेळ आहे?"

"दहा मिनिटं. फार तर बारा."

ताई फोन उचलेना. मग मावशी खोलीतून बाहेर पडून, कुंपणाच्या फाटकातून, धापा टाकत मैदानावर पोचली. ताईच्या हातात माइक होता.

"ताई, मुलांना आत घे. आत्ताच्या आत्ता."

"अंतिम फेरी लागतेय. मघाशी तूच म्हणालीस ना, खुशाल पळव? आता काय, पाखरं आली वाटतं?"

मावशीनं नरसाळं समजावायला तोंड उघडलं. ते समजावेपर्यंत दहा मिनिटं संपली असती. दोन शब्दांत काम होण्यासारखं होतं, पण त्या दोन शब्दांची जिभेला सवय नव्हती.

"मी चुकले."

ताईनं माइक खाली केला. "काय म्हणालीस?"

"चुकले, ताई. मघाशी न बघताच सांगितलं. गारा येताहेत."

ताईनं क्षणभर तिला न्याहाळलं आणि माइक तोंडाशी नेला. "सगळे वर्ग रांगेनं आत. सामान तिथंच राहू द्या. ढकलाढकली नको आणि रेंगाळणंही नको."

खेळाचे सर लगबगीनं आले. "बाई, फक्त एक फेरी उरलीय हो."

"सर, माझी बहीण चुकले म्हणतेय. याच्याहून मोठा धोक्याचा इशारा मी पन्नास वर्षांत ऐकलेला नाही. चला आत."

शेवटचा वर्ग व्हरांड्यात शिरला आणि पत्र्यावर पहिली गार ताडकन आदळली. मग लिंबाएवढ्या गारांनी मैदान पांढरं झालं. कापड फाटलं, आणि एक खांब धावण्याच्या पट्ट्यांवर आडवा पडला. सर त्याच्याकडे बघत राहिले.

चौथीतल्या एका मुलीनं मावशीचा हात ओढला. "मावशी, तुमच्या रडारला हे दिसलं नाही?"

"रडारला डोक्यावरचं दिसत नाही. मला ते माहीत होतं, पण मी विसरले. चूक माझी." दुसऱ्यांदा ते बरंच सोपं गेलं.

मुलगी विचारात पडली. मग हळूच म्हणाली, "काल फळ्यावर बाईंचं चित्र मी काढलं होतं."

"डबा मी लपवला होता," मागून कुणीतरी म्हणालं. पाठोपाठ तिसरा पुढे आला, मग चौथा. सरांनीही घसा खाकरून सांगितलं की सकाळच्या शर्यतीत त्यांनी शिट्टी जरा उशिरा वाजवली होती. बाहेर गारांचा मारा चालू होता आणि व्हरांड्यात कबुल्यांची साथ पसरली होती.

ताई तेवढी हाताची घडी घालून गप्प उभी होती. हळूहळू सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या, तशी ती पाऊस किती कमी झाला ते बघायला दाराशी गेली.