चेहऱ्याचा रंग उत्तम

"चेहऱ्याचा रंग आज छान दिसतोय," असं म्हणत नोमुरासानने हातातल्या तक्त्यावर गोल काढला. जपानमध्ये गोल म्हणजे बरोबर. ताप नाही, गोल. रक्तदाब ठीक, गोल. चेहऱ्याचा रंग, गोल.

"कुठला रंग म्हणालीस?" एफुआने उशीला टेकूनच विचारलं.

नोमुरासान बिचारी दोन वर्षांपूर्वी नर्स झालेली पोरगी. ती मास्कमागे गोंधळून हसली आणि हेड नर्सना बोलवायला गेली. त्यांची सही झाली की एफुआला एका रात्रीपुरतं घरी जायला मिळणार होतं.

शेजारी खुर्चीत बसलेल्या सुलेखा कर्णिकला मात्र हसू येईना. चार वर्षांपूर्वी याच मजल्यावर तिच्या तक्त्यातही असेच गोल पडले होते.

सुलेखाचा रंग हा तिच्या माहेरी चर्चेचा विषय होता. लग्नाच्या बायोडेटात आईने 'गव्हाळ' लिहिलं, तेव्हा हा गहू कुठल्या शेतात पिकतो असं काकांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं. पुढे नवऱ्याची, संजीवची, बँकेने टोकियोला बदली केली, ओजिमात बिऱ्हाड थाटलं, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी सुलेखाला रक्ताचा कर्करोग झाला. तेव्हा रोज सकाळी नर्स सांगायची, चेहऱ्याचा रंग छान. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी तिच्या रंगाला छान म्हणत होतं. सुलेखाबाई इतक्या हरखल्या की धाप लागते हे सांगायचंच राहून गेलं, आणि तिसऱ्या दिवशी त्या चहाच्या मशीनसमोर आडव्या झाल्या. हिमोग्लोबिन पाच पॉइंट आठ निघालं. गोरा चेहरा पांढरा पडला की ओळखायचा कसा, हे नर्सांना शिकवलेलं होतं. काळ्यासावळ्या माणसाचा पांढरेपणा शोधायचा कुठे, हे कोणी शिकवलंच नव्हतं.

बरी झाल्यावर ती इथेच 'पीअर सपोर्टर' झाली. म्हणजे त्याच दुखण्यातून उठलेल्या माणसाने नव्या पेशंटजवळ बसायचं, ऐकायचं, धीर द्यायचा. उपचारांबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा पहिला नियम. तिच्या वाट्याला घानाची एफुआ मेन्सा आली तेव्हा हेड नर्स हिरातासान म्हणाल्या होत्या, "तुम्ही दोघी सारख्याच ना, म्हणून." सुलेखाला ते झोंबलं. आपण कुठे, ही कुठे, असं तिच्या मनात आलं. आणि तसं आल्याची लाज वाटायला पुरते दोन आठवडे लागले.

एफुआ वीस वर्षं जपानमध्ये होती. फुनाबोरीच्या एका पाळणाघरात स्वयंपाक करायची आणि सुलेखापेक्षा कितीतरी सफाईने जपानी बोलायची. सुलेखाशी ती इंग्रजीत बोलायची खरी, पण सूर थेट साताऱ्याच्या आत्येबहिणीचा, त्यामुळे सुलेखाच्या कानात ते मराठीच होऊन उतरायचं.

"मला दुखतंय म्हटलं की यांना वाटतं, एवढी दणकट बाई, हिला काय होतंय," एफुआ एकदा म्हणाली होती. "तुला एकदाच सांगावं लागतं."

त्या एका वाक्यावर सुलेखाचा जीव जडला होता.

आणि आज त्या जिवाचीच पंचाईत झाली होती. कारण नोमुरासान बाहेर पडताच एफुआ कुजबुजली होती, "काल बाथरूमपर्यंत जाताना दोनदा खाली बसले. कुणाला बोललीस तर माझ्याशी गाठ आहे."

"अगं, मग रक्त तपासायला सांग ना."

"तपासणी परवा आहे. परवा तपासू देत. उद्या माझी बावीस मुलं पाळणाघर सोडून शाळेत चाललीत. त्यांना पहिला भात मी भरवलाय, सुलेखा. शेवटचं जेवणही मीच करणार. ती परवा तिथे नसतील."

सुलेखाला चहाच्या मशीनसमोरची ती गार फरशी आठवली. "डोळे बघू," असं म्हणून तिने, आई बघायची तसं, एफुआची खालची पापणी बोटाने ओढली. आत गुलाबी दिसायला हवं होतं. ते मुळ्याच्या चकतीसारखं पांढरं होतं.

तेवढ्यात हिरातासान आल्या, पेन उघडूनच. मागे नोमुरासान.

"सही नको," सुलेखा उठून म्हणाली. तिथून पुढे तिचं जपानी संपलं. पापणीला काय म्हणतात? रक्त कमी झालंय कसं म्हणायचं? हिरातासान पेन धरून थांबलेल्या. एफुआचे डोळे अंगार ओकत होते. शेवटी सुलेखाने करूनच दाखवायचं ठरवलं. तिने तर्जनीने स्वतःची खालची पापणी ओढली आणि हिरातासानच्या तोंडासमोर तोंड नेलं. लहानपणी डॉक्टर डोळ्यांपाठोपाठ जीभ दाखवायला सांगत, म्हणून तिने जीभही बाहेर काढली.

आता, पापणी ओढून जीभ काढणं याला जपानमध्ये फक्त एकच अर्थ आहे. बाईंची पाठ वळली की बालवाडीतली पोरं नेमक्या अशाच वाकुल्या दाखवतात. पण एकोणपन्नास वर्षांच्या स्वयंसेविकेने हेड नर्सना त्या तोंडावर दाखवण्याचा प्रसंग त्या रुग्णालयात पहिलाच असावा. समोरच्या खाटेवरच्या आजींनी वर्तमानपत्र खाली केलं. नोमुरासान खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलत होते.

"कारुनिकुसान?" हिरातासान एवढंच म्हणाल्या. त्यांच्या जिभेवर कर्णिकचं तेच व्हायचं.

एफुआला या वाकुल्या रोज बावीस जणांकडून मिळत. तिचा राग कुठल्या कुठे गेला. ती हसली, मांड्या थोपटत हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग हसू संपलं आणि श्वास काही परत येईना. तिने खाटेचा कठडा घट्ट धरला.

हिरातासान नियमांच्या पक्क्या होत्या, पण आधी नर्स होत्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं, वाकून एफुआची एक पापणी ओढून पाहिली, मग दुसरी. बराच वेळ पाहिली.

"रक्त घे. आत्ता," त्या नोमुरासानला म्हणाल्या.

पाच पॉइंट दोन. घरी जाणं रद्द झालं. रक्ताची पहिली पिशवी लागली तेव्हा एफुआने भिंतीकडे तोंड केलं.

"मी तुला सांगितलं होतं."

"हो."

"बावीस मुलं."

"हो गं."

"जा तू."

बाहेर हिरातासाननी तक्त्यात 'चेहऱ्याचा रंग'च्या खाली पट्टीने एक ओळ आखली आणि तिच्यापुढे 'पापणी' लिहिलं. मग त्यांनी कमरेत वाकून सुलेखाचे आभार मानले आणि तिच्या गळ्यातलं कार्ड काढून घेतलं. पेशंटला तपासल्याबद्दल एक महिना यायचं नाही. दोन्ही गोष्टी त्या अगदी मनापासून करत होत्या.

"तू हेड नर्सला वाकुल्या दाखवल्यास?" संजीवने घरी विचारलं. "सुलेखा, आपला व्हिसा रिन्यू व्हायचाय."

एरवी ती यावर खो खो हसली असती. आज रडली. एफुआ वाचली होती, पण आपली राहिली नव्हती; ती मुलं तर उद्या बावीस वेगवेगळ्या घरी जाणार होती, आणि ते जेवण पुन्हा होणार नव्हतं. संजीव उठला. त्याने चहा टाकला.

पाच दिवस तिने कसेबसे काढले. सहाव्या दिवशी कार्डाशिवायच ती त्या मजल्याच्या काउंटरसमोर उभी राहिली.

"इथे फक्त घरच्यांना सोडतात," तिथली प्रौढ बाई नम्रपणे म्हणाली.

सुलेखाला हे ठाऊक होतं. ती वळलीसुद्धा.

"तरी आपलं नाव?"

तिने सांगितलं. बाईने फाइलमधून एक कागद काढला. भेटीला सोडायच्या माणसांची यादी, पेशंटच्या स्वतःच्या अक्षरात, कालच लिहिलेली. त्यात एकच नाव होतं. सुलेखा कर्णिक. नातं: धाकटी बहीण.

सुलेखा एफुआहून दोन वर्षांनी मोठी होती. माहेरीही ती थोरलीच.

बाईने चष्म्यावरून कागद पाहिला, मग सुलेखाचा चेहरा निरखून पाहिला, आणि तिची खात्री पटली. "हो, दिसतंच की. चेहरा अगदी सारखा आहे."

"सगळे असंच म्हणतात," सुलेखा म्हणाली आणि हात धुवायला सिंककडे वळली.