आतलं नाव

प्रवीणने शालिनीच्या लॅपटॉपवरचं ‘अनुवाद’ नावाचं फोल्डर उघडलं, तर आत आणखी एक ‘अनुवाद’ होतं. ते उघडलं, तर त्याच्याही आत ‘अनुवाद’. माजघरातून माजघरात जावं आणि दर वेळी तोच कोनाडा, तोच दिवा दिसावा, तसं चाललं होतं. चौथ्या दारापाशी त्याने हात टेकले.

“अक्का, हे पाताळापर्यंत जातंय बघा. पेन ड्राइव्ह कुठं लावला होता?”

“पत्रिका छापल्या तिथं,” शालिनी म्हणाली. “मजकूर दिला ना त्यांना, तेव्हा.”

“मग हा लग्नातला पहिला आहेर समजा. व्हायरसचा.”

खिडकीखाली अक्षतांचे तांदूळ निवडत बसलेल्या वेणूबाई हसल्या. तुटके दाणे त्या एका बाजूला सारत होत्या. अक्षतांना दाणा अख्खा लागतो. अक्षता सुनेच्या, शालिनीच्या लग्नाच्या होत्या. मुलगा साकेत जाऊन चार वर्षं झाली होती, आणि हे स्थळ वेणूबाईंनीच शोधलं होतं. उमेश कलघटगीला शाळेत शिकवत होता. बोलायला कमी, वागायला सरळ. ‘मी उंबऱ्यापर्यंत येणार, पुढं तूच चालायचं,’ एवढंच त्या शालिनीला म्हणाल्या होत्या, आणि मग स्वतःच पत्रिकेचा कागद निवडायला गेल्या होत्या.

“सगळं पुसावं लागेल,” प्रवीण म्हणाला. तो मागच्याच गल्लीत राहायचा. माळमड्डी भागातले निम्मे कॉम्प्युटर त्याच्या हाताखालून गेले होते.

“पुसायचं म्हणू नको रे शुभ घरात,” वेणूबाई म्हणाल्या. “सारवायचं म्हण.”

“बरं काकू. सारवू या. पण सारवायच्या आधी सामान बाहेर काढतात की नाही? अक्का, काय काय काढू?”

शालिनीने सांगितलं. कानडीतून मराठीत आणलेल्या गोष्टी. शेतीखात्याची पत्रकं. साकेतचे फोटो. प्रवीणने एकेक सीडीवर चढवलं, सीडी काढून उन्हात धरली, तिच्यावर इंद्रधनुष्य फिरलं, आणि ती त्याने वेणूबाईंच्या हातात दिली. त्यांनी पदराने आधी हात पुसला, मग ती घेतली. देव्हाऱ्यात नाही, तर कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवली.

मग पडदा निळा झाला.

कार्तिक सरत आला होता. दुपारचं ऊन चटईवर आडवं झालं होतं. निळ्यावर पिवळी रेघ हळूहळू भरत होती, चुलीवर दूध चढावं तशी, कुणी बघत नसताना थोडी जास्त. बाहेरून एक रिक्षा गेली आणि तिचा आवाज केलगेरीच्या वळणापर्यंत विरत गेला. शालिनी गुडघ्यावर हनुवटी ठेवून बघत राहिली. कितीतरी रात्रींचे शब्द त्या निळ्याखाली बुडत होते, आणि तिला वाईट वाटत नव्हतं. वाटत होतं ते वेगळंच. तळं आटल्यावर तळाशी काय दिसेल, तसं काहीसं.

यंत्र एकदा मिटलं, पुन्हा उघडलं. प्रवीण चहाचा कप बाजूला ठेवून पुढे सरकला.

“आता नाव विचारतंय. कोण वापरणार म्हणून.” आणि कुणी काही बोलायच्या आत त्याने टाइप केलं.

शालिनीने अक्षरं वाचली. वनिता.

“अरे, हे काय?”

“पत्रिकेत हेच आहे की! चिरंजीव उमेश आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी वनिता. मला कालच मिळाली.” तो गोंधळला. “चुकलं का?”

चुकलं नव्हतं. उमेशच्या आत्यांनी निरोप पाठवला होता, आमच्याकडे नाव बदलतात, वनिता ठेवू या, पत्रिकेतही तेच घाला. शालिनीने मान हलवली होती. नऊ वर्षांपूर्वी याच घरात तांदळाच्या ताटात अंगठीने ‘शालिनी’ उमटलं, तेव्हाही तिने अशीच मान हलवली होती. तिच्या आईवडलांनी ठेवलेलं नाव उत्तरा. ते कुठे गेलं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं.

“राहू दे,” ती म्हणाली. “नाहीतरी तेच होणार.”

“मग बरं. तसं वरचं नाव नंतर बदलता येतं अक्का, कितीदाही. फक्त आतलं फोल्डर पहिल्यांदा जे टाकाल त्याच नावाचं होतं. ते बदलत नाही. वर काहीही लिहा, आत तेच.”

वेणूबाईंचं बोट तांदळात थांबलं.

“आत म्हणजे?”

“म्हणजे तुमचं सगळं जिथं ठेवलं जातं ना काकू, ती खोली. तिच्या दारावर पहिलंच नाव राहतं.”

वेणूबाई पुन्हा निवडू लागल्या, आणि निवडता निवडता, जात्यावर बसल्यासारख्या जराशा डुलत, गुणगुणू लागल्या. कुणासाठी नाही. हात चालले की त्यांचा गळा आपोआप चालायचा.

*माझ्या माहेराची वाट, हिला काट्याकुट्यांची वई*
*हाक मारणारी गेली, नाव राहिलं मागं बाई*

शालिनीने पुष्कळदा ऐकलेली ओवी. आज मात्र ती उठली, आणि सासूच्या समोर, ताटाच्या पलीकडे जाऊन बसली.

“आई, माझं नाव तुम्ही का बदललंत?”

“का म्हणजे?” वेणूबाईंनी वर पाहिलं नाही. “बदलायचं असतं म्हणून. उत्तरा काही वाईट नव्हतं. शालिनी मला आवडायचं. मुलगी झाली असती तर ठेवणार होते.” थोडं थांबून म्हणाल्या, “तुला नको होतं?”

“मला कुणी विचारलं नाही.”

“आणि हे वनिता?”

“तेही नको आहे.”

हे इतकं सोपं होतं, याचं तिलाच नवल वाटलं. शब्द तोंडातून निघाले आणि उन्हात जाऊन बसले. वेणूबाईंनी एक मोठा खडा उचलला, उगाच नीट न्याहाळला, आणि खिडकीबाहेर टाकला.

“प्रव्या, खोड ते,” त्या म्हणाल्या. “उत्तरा लिही. आणि त्या आत्याबाईंना मी फोन करते. पत्रिका छापल्या म्हणून काय झालं?”

“तुम्ही नका करू,” ती म्हणाली. “आत्यांना नाही, उमेशनाच सांगते. संध्याकाळी. मीच सांगते.”

“नाही म्हणाला तर?”

“तर लग्नाआधीच कळेल.”

वेणूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “आता ग सासरी निघालेली दिसतेस. मागच्या वेळी नुसती आली होतीस.”

प्रवीण एकेक अक्षर मागे घेत होता. वनिता शेपटाकडून नाहीशी झाली. उत्तराने लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला आणि आपलं नाव स्वतः टाइप केलं. इतकी वर्षं न वापरलेला जिना चढल्यासारखी बोटं जपून पडली.

“खाली अजून रिकामे रकाने आहेत,” प्रवीण म्हणाला. “दुसरं कुणी वापरणार असलं तर. नाहीतर सोडून द्या.”

ती पुढची कळ दाबणार होती. हात तसाच राहिला.

“आई, तुमचं माहेरचं नाव काय हो?”

“माझं?” वेणूबाई हसल्या. “माझं आता कुठं ग. पन्नास वर्षं झाली.”

“पण काय होतं?”

“सांगून काय करणार? त्या नावाची माणसंच गेली.”

“अय्यो काकू, सांगा की!” प्रवीण म्हणाला. “मशीन थांबलंय तुमच्यासाठी.”

त्यांनी तांदळाचं ताट मांडीवरून खाली ठेवलं. पदर सारखा केला. कुणी मोठं माणूस विचारत असावं, तशा सावरून बसल्या.

“भागीरथी,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, “अप्पा भागव्वा म्हणायचे.”

उत्तराने दुसऱ्या रकान्यात लिहिलं. इंग्रजीत ते लांबलचक झालं, एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत. वेणूबाईंना ती अक्षरं वाचता येत नव्हती, तरी त्या पुढे वाकून बघत राहिल्या.

यंत्र पुन्हा एकदा मिटलं, उघडलं. निळ्या पडद्यावर दोन नावं आली, एकाखाली एक, प्रत्येकाशेजारी एक चित्र.

“माझं कुठलं?”

“ते खालचं. बदक आहे ते.”

“बदक? आणि तुला फूल?”

“यंत्रानं दिलंय काकू, मी नाही,” प्रवीण म्हणाला. “बदलून देतो पाहिजे तर.”

“राहू दे. बदक चांगलं असतं.”

उत्तराने त्यांचा हात माउसवर ठेवला, वर आपला. अक्षतांसाठी काढलेल्या कुंकवाच्या पुडीला वेणूबाईंचा हात लागला होता. कळीवर लाल बोट उमटलं. नावावर टिचकी वाजली. पडदा क्षणभर थांबला, जणू आत कुणी कडी काढत होतं, आणि मग उघडला. एक हिरवी टेकडी, तिच्यावर मोकळं आभाळ. दुसरं काहीच नाही. ना घर, ना झाड, ना वाट.

“अळणावरच्या पुढं अशी आहे,” वेणूबाई म्हणाल्या. “आमच्या गावाकडं. गवत कापायच्या आधी.” मग जरा वेळाने, “इथं कुणी राहत नाही वाटतं?”

“अजून नाही,” उत्तरा म्हणाली.

वेणूबाई तशाच बसून राहिल्या. प्रवीणने स्कूटरची किल्ली शोधली, निरोप घेतला, त्यांना तो ऐकू गेला नाही. ऊन चटईवरून उतरून भिंतीवर चढलं. कधीतरी उत्तराने अगदी हळू हाक मारली, “भागव्वा.”

“ओ,” त्या म्हणाल्या, पडद्यावरची नजर न काढता. “आले.”