केरबाच्या कपाळावरची देवी

कबनूरच्या त्या गल्लीत सकाळपासून मुंगीला शिरायला जागा नव्हती. माग बंद, दुकानं बंद, मोबाईल तेवढे चालू. कारण माग दुरुस्त करणाऱ्या केरबा जॉबरच्या कपाळावर देवी प्रकटली होती!

देवी म्हणजे बोराएवढी जांभळी गाठ. देवीची बातमी ऐकून आलेल्या एका महाराजांनी तिला हळद फासली, खांद्यावरच्या ओल्या पंचानं हळूच टिपली आणि पिवळी हळद सगळ्यांच्या देखत लालभडक झाली.

"आईनं कुंकू घेतलं!" महाराज गरजले. "आता हिला सुरी लावशील तर वंश बुडंल!"

केरबाचं कपाळ चुरचुरत होतं, पण देवानं कुरकुर कशी करायची? सहा वर्षं तो रक्ताच्या चिवट कॅन्सरच्या गोळ्या खात होता, तेव्हा कुणी चहाला विचारलं नव्हतं. आज कारखान्याचा मालक पाया पडला! केरबानं गाठ काढायचं सोमवारचं ऑपरेशन मनातल्या मनात रद्दसुद्धा करून टाकलं.

तेवढ्यात त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर संघप्रिया गर्दीतून वाट काढत आल्या.

"काका, गाठीचा तुकडा तपासायला दिला होता, त्याचा रिपोर्ट आलाय. हा कातडीचा कॅन्सर आहे. तुमच्या जुन्या आजारात पांढऱ्या पेशी उदंड होतात, पण पहारा देत नाहीत. म्हणून अशा गाठींचा धोका वाढतो. ही महिन्यात दुप्पट झालीय. आत्ता काढली तर वाचाल."

"मग हळद लाल कशी झाली, सांगा की!" गर्दी ओरडली.

"मी सांगते!" केरबाची बायको बाळाबाई मोरीतून साबणाची ओली वडी घेऊनच आली. तिनं महाराजांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर मूठभर हळद चोळली आणि वर साबण घासला. धोतर लालभडक!

"घ्या! आईनं धोतरावर बी कुंकू घेतलं!" मग तिनं पंचा चिमटीत चोळून बघितला. "कसा बुळबुळीत लागतोय! ह्यो धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलाय. लग्नातल्या हळदीची कापडं धुताना काय हुतं, इसरला व्हय गं बायांनो?"

बाया खो खो हसत सुटल्या. जन्मभर त्यांनी तशी कापडं धुतली होती आणि आज त्याच हात जोडून उभ्या होत्या. महाराज धोतर सावरत पळाले.

केरबाचा चेहरा उतरला. "म्हंजे मी देव न्हाय?"

"न्हाय. माझा नवरा हायसा. मला त्योच पायजे. उठा."

सोमवारी गाठ निघाली. आता केरबा मागाच्या खडखडाटात ओरडून प्रत्येकाला कपाळावरचा व्रण दाखवतो. "सोडा लागला की हळद लाल हुतीच, कपाळ असू दे न्हाय तर धोतर! अंगावर नवी गाठ आली तर आधी डॉक्टरला दाखवा. मला देव करून मारत हुतासा की रं तुम्ही!"