पियानोतले सर

वरच्या मजल्यावरचा संगीतवर्ग त्या संध्याकाळी जिन्यापर्यंत भरला होता. ज्यांना सूर आणि शिंक यांतला फरक कळत नाही अशी मंडळीही श्वास रोखून उभी होती, कारण गेलेले सर आज पुन्हा बोलणार होते.

वर्ग सरांनी उभा केलेला. त्यांच्या पश्चात शिष्यांनी मिळून नवाकोरा ग्रँड पियानो आणला, आणि आल्यापासून त्याची पांढरी चार ही पट्टी दाबली की सुरामागून झर्रर्र असा घोगरा आवाज यायचा. सरांचा घसाही आयुष्यभर खरखरायचा. तेवढं निमित्त पुरलं. नादस्वामी नावाचे एक गृहस्थ पायघोळ झगा सावरत आले, डोळे मिटून उभे राहिले आणि सर पियानोत उतरल्याचं त्यांनी जाहीर करून टाकलं. झर्रर्र आलं तर सरांचं ‘हो’, नुसता स्वच्छ सूर आला तर ‘नाही’. नवा पियानो नीट वाजला की तो नकार समजायचा, एवढी अक्कल त्या खोलीत सर्वानुमते मान्य झाली होती.

सरांची बहीण, म्हणजे आत्या, मागच्या खुर्चीत बसून हे बघत होती. तिने जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं. एरवी तिने करमणूक म्हणून सोडूनही दिलं असतं. पण मागच्या बैठकीत स्वामींनी विचारलं होतं, सरांच्या मुलीने पियानो वाजवावा का, आणि उत्तर ‘नाही’ आलं होतं. तेव्हापासून भाचीने पियानोला हात लावला नव्हता. संगीत महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा परवावर आली होती आणि पोरगी रडून रडून अर्धी झाली होती. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ती यामुळे.

“पियानो जुळवणाऱ्याला दाखवला होता ना गं?” तिने शेजारी बसलेल्या वहिनींना विचारलं.

“दाखवला की. दिवसभर तारा तपासत होता. एकदाही आवाज आला नाही. स्वामी म्हणाले, हे परक्यासमोर बोलत नाहीत.”

“त्याने झाकण उघडलं असेल.”

“त्याआधी मी ह्यांचा फोटो उचलून आत कपाटात ठेवला. परक्याचा हात लागायला नको त्याला.”

सरांचा फोटो पियानोच्या झाकणावर जाड चौकटीत उभा असे. वर्गात येणारा प्रत्येक जण त्याला नमस्कार करी, पण वहिनी आणि स्वामी सोडले तर कोणी त्याला शिवत नसे. आत्याने चष्मा नीट केला आणि ती फोटोकडे बघत राहिली.

पुढे स्वामींचं चऱ्हाट चालू झालं होतं. “नाद म्हणजे प्राण, प्राण म्हणजे लहरी, लहरी म्हणजे आत्म्याची तरंगलांबी. सर, हा पियानो माझ्या नादकुटीत न्यावा, अशी आपली इच्छा आहे?” झर्रर्र. गर्दीने हात जोडले. “की तो इथेच राहावा?” या वेळी स्वामींनी आशीर्वाद घेतल्यासारखी दोन बोटं चौकटीवर टेकवली. स्वच्छ सूर.

आत्या उठली. “मलाही भावाला एक विचारायचंय.”

बहिणीला नाही कोण म्हणणार? ती पियानोपाशी बसली. “दादा, हा माणूस लबाड आहे का?” तिने पांढरी चार दाबली.

झर्रर्र.

मागे कोणीतरी हसलं. स्वामी लगबगीने पुढे आले. “प्रश्न श्रद्धेने विचारावा लागतो, माताजी. पुन्हा विचारा,” म्हणत त्यांनी बोटं चौकटीवर टेकवली.

“विचारते. पण बोटं काढा.” झर्रर्र. “आता ठेवा.” स्वच्छ. “काढा.” स्वामींनी बोटं काढली नाहीत. तेव्हा आत्याने फोटोच उचलून मांडीवर घेतला आणि पट्टी दाबत राहिली. स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ.

“चौकटीत काच सैल आहे,” ती शाळेतल्या आवाजात म्हणाली. “बस एका ठरावीक वेगाला आली की खिडकीची काच थरथरते, वेग बदलला की गप्प बसते. तुम्ही सगळ्यांनी ते ऐकलंय. ही काच या एका सुराला थरथरते. बोट टेकवलं की थांबते. फोटो कपाटात गेला की पियानो गप्प. यांच्या बोटांना हे पहिल्याच दिवशी कळलं. आपण नमस्कार करत राहिलो आणि हात कोणी लावला नाही.”

तिने पिशवीतलं बसचं तिकीट घडी करून काच आणि चौकटीच्या फटीत खोचलं, फोटो जागेवर ठेवला आणि पट्टी दाबली. नुसता सूर. ती वळेपर्यंत स्वामी जिना उतरले होते, आणि त्यांना वाट करून देणारे तेच, मघाशी हात जोडणारे.

वहिनींचा चेहरा पडला होता. “म्हणजे हे बोलतच नव्हते?”

“नाही गं,” आत्या म्हणाली. “तो गेला. मलाही त्याचा आवाज ऐकायचा होता.”

“म्हणजे बाबा मला नाही म्हणालेच नव्हते?” भाचीने विचारलं.

“जिवंतपणी कधी म्हणाला होता?”

मुलीने नकारार्थी मान हलवली.

“मग इतकी वर्षं त्याने तुला तोंडाने सांगितलेलं सोडून एका सैल काचेचं का ऐकलंस? कोणी काही ऐकवलं की आधी विचारावं, आवाज येतोय कुठून. हात लावून बघावं. त्याने देव बाटत नाही आणि माणूसही.”

भाची पुढे आली. आत्या उठून बाजूला झाली आणि मुलगी बापाच्या फोटोसमोर वाजवायला बसली.