टेकलं की थांबा

आर्नोल्ड ब्लँचर्ड यांच्या घरात काहीही ढिलं नव्हतं. नळ असे आवळलेले, की पाणी प्यायचं तर आधी बाह्या वर साराव्यात. ग्रिम्सबीच्या गोदीत जहाजांचे पाइप जोडण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. ढिला सांधा म्हणजे गळती, हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

बायको गेली आणि घर गप्प झालं. एकुलती लेक हेदर लिंकन शहरात राहायची. मागच्या नाताळात ती स्पष्टच बोलली होती, "बाबा, माझ्या पोरीला दमा आहे. या घरात सिगारेटचा धूर असेपर्यंत मी तिला इथे आणणार नाही." म्हातारा काही दिवस फुरंगटून बसला आणि मग मुकाट्यानं वाफेची सिगारेट घेऊन आला. तीही परसात जाऊन, दार लावून ओढायची.

उद्या, रविवारी, हेदर नातीला घेऊन जेवायला येणार होती. आणि नेमकं आजच ते यंत्र रुसलं! बटण दाबलं की दिवा नुसता लुकलुके, वाफ नाही. आर्नोल्डनी पकड काढली आणि वरची द्रवाची टाकी खालच्या बॅटरीवर आणखी अर्धा फेरा पिळली. आता दिवाही लागेना. चहाच्या डब्यामागे सिगारेटचं एक जुनं पाकीट होतं. हात तिकडे गेलाही. पण मग त्यांनी टोपी घातली आणि कोपऱ्यावरचं वाफेच्या सिगारेटींचं दुकान गाठलं.

दुकान लॉरेनचं. बाई पन्नाशीची, तोंडानं फटकळ.

"काय मिस्त्री, पुन्हा पकड लावलीत?"

"कुणी सांगितलं?"

"या ओरखड्यांनी! आंधळ्यालाही दिसतील." तिनं रबरी हातमोजा गुंडाळून टाकी सोडवली. बॅटरी बंद केली. "हे बघा, आट्यांच्या मधोमध ही पिन. वीज हिच्यातून टाकीत जाते. तुम्ही इतकं पिळलंत की ती खाली दबून बसली. टाकी घट्ट आहे, पण आत काही पोचत नाही."

"ढिलं ठेवलं तर गळेल."

"गळती रबराची चकती अडवते, तुमचं मनगट नव्हे. बोटांनी फिरवा. टेकलं की थांबा."

"उभा जन्म पाइप जोडलेत मी, बाई."

"जहाजं तरंगली ना? छान. पण हे जहाज नाही." लाकडी काडीनं तिनं पिन अलगद वर उचलली आणि कोरड्या कापसानं आटे पुसले. "अधूनमधून असं पुसत जा. ओल साचते."

आर्नोल्डनी निघायला हवं होतं, पण ते निघाले नाहीत. दिवसभरात त्यांच्याशी बोललेलं हे पहिलंच माणूस होतं.

"उद्या लेक यायचीय," ते म्हणाले. "सकाळपासून तीनदा फोन केला. कुठल्या रस्त्यानं ये, पोरीला कुठला कोट घाल... आता ती उचलतच नाही."

लॉरेननं हातातला कापूस खाली ठेवला. "म्हणजे तिथेही पकडच!"

"बापानं नाही सांगायचं तर कुणी?"

"सांगा की. पण तीही आता आई आहे हो. माझे वडील असेच होते. शेवटी शेवटी त्यांचं नाव दिसलं की मी फोन पालथा ठेवायचे. ते गेले तेव्हा आमचं बोलणंच नव्हतं. फार आवळलं ना, की माणूस तुटत नाही, आतून दबतं. मग नातं नुसतं वरून जोडलेलं दिसतं."

आर्नोल्ड यंत्र खिशात घालून बाहेर पडले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

रविवारी त्यांनी मांस ओव्हनमध्ये भाजायला ठेवलं आणि तीन ताटल्या मांडल्या. दुपारी फोन वाजला.

"बाबा, तिला रात्री ताप आला. आज नाही जमायचं."

मी कोटाचं म्हटलं होतं ना! शब्द अगदी ओठांवर आले. अर्धा फेरा, बस्स, एवढाच! म्हाताऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा हात आखडता घेतला.

"बरं," ते म्हणाले. "तूही जरा झोप काढ. मी आहे इथे."

 हेदरनं घाबरून विचारलं, "बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

ते एकटेच जेवले. दोन ताटल्या कोऱ्याच पडून राहिल्या आणि त्यांना फार वाईट वाटलं. चहाच्या डब्यामागचं पाकीट काढून त्यांनी बराच वेळ हातात धरलं, मग कचऱ्यात टाकलं. यंत्राचे आटे पुसले, टाकी बोटांनी फिरवली. ती टेकली. हात आणखी पिळायला शिवशिवत होते, पण ते थांबले. दिवा लागला.

संध्याकाळी पुन्हा फोन. हेदरचाच!

"काम काही नव्हतं. ताप उतरला, सांगावं म्हटलं." मग ती किती तरी वेळ बोलत राहिली, नोकरीचं, शाळेचं, रात्रीच्या जागरणाचं. आर्नोल्ड नुसतं हं, हं म्हणत होते. शेवटी तिनं विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ?"

"ये," ते म्हणाले. कुठल्या रस्त्यानं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मंडळी, अशी एक पकड आपल्याही घरात असते. काळजीच्या नावाखाली आपण ती काढतो, आणि मग घर रिकामं का झालं म्हणून भिंतींना विचारत बसतो. मुलं मोठी झाली की नातं बोटांनी जोडायचं असतं. टेकलं, की थांबायचं.