पावणेदोन फेरे

स्क्रू हलत नव्हता, आणि तो का हलत नाही हे मला चांगलं माहीत होतं.

बाबांना माहीत नव्हतं. दुखरा गुडघा पुढे ताणून ते स्टुलावर बसले होते आणि कार्बोरेटरने शिवी दिल्यासारखे त्याच्याकडे बघत होते. मोटरसायकलवरून उतरवलेला तो मुठीएवढा ऐवज मी फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरला होता. सकाळपासून आम्ही बापलेक त्याच्या मागे हात धुऊन लागलो होतो. गंज सोडवणारं तेल दोनदा सोडून झालं, हातोडीच्या टिचक्या मारून झाल्या, आणि हवेच्या स्क्रूच्या डोक्यावरची खाच निम्मी झिजली. पितळ ते, सोसून किती सोसणार?

काम म्हणाल तर अर्ध्या फेऱ्याचं. उभ्या उभ्या गाडी काळा धूर ओकत होती. स्क्रू अर्धा फेरा उघडला असता तर आत हवा वाढली असती आणि धूर थांबला असता. पण धुराच्या तपासणीचा आज शेवटचा दिवस होता आणि चारला खिडकी बंद. आज पास न झालेली जुनी गाडी थेट भंगारात. दीड वाजून गेला होता.

"तुझ्या दादाचीच करणी ही," बाबा म्हणाले. सकाळपासून चौथ्यांदा.

मी पान्यांच्या ट्रेमध्ये उगाच काहीतरी शोधायला लागले.

नऊ वर्षांपूर्वी या गॅरेजमध्ये बाबा आणि दादा काम करायचे आणि मी, एकोणीस वर्षांची, पावत्या फाडायचे. बाबांचं गाडी सुरात लावणं म्हणजे कान लावणं. डोळे मिटून स्क्रू फिरवायचे, इंजिनचा आवाज गोल झाला की थांबायचे, आणि वर आईच्या नेलपॉलिशचा लाल थेंब टाकायचे. कुणी हात लावला तर थेंब फुटणार आणि चोर सापडणार. स्वतःच्या या गाडीलाही तोच नियम. पूर्ण आवळून मग पावणेदोन फेरे उघडायचा, वर थेंब. "तुला आवाज कळायचा नाही, पोरी," असं ते एकदा सहज बोलून गेले. त्यांना सहज होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी दादा त्या गाडीची चेन ताणून चहाला गेला, तेवढ्यात मी स्क्रू फिरवला. जवळजवळ तीन फेऱ्यांपर्यंत उघडला. मला तर आवाज झकास वाटला होता.

तासाभराने बाबा चौकात वळत असताना गाडी हवा जास्त झाल्याने मध्येच बंद पडली आणि मागून टेम्पो आला. गुडघ्याचा चुरा झाला. रस्त्यावर पडल्या पडल्यासुद्धा त्यांनी बघितलं ते कार्बोरेटरकडे. थेंब फुटलेला होता. सकाळी गाडीला हात कुणाचा? दादाचा. दादा एकदाच म्हणाला, "बाबा, मी स्क्रूला हात लावला नाही." मग मी बोलेन म्हणून तो थांबला असेल का, हे मला आजही ठाऊक नाही. बाबा दवाखान्यात असताना मी घाईघाईने स्क्रू मागे घेतला, पुन्हा हलू नये म्हणून आट्यांना लाल गोंद लावला, आणि वर नवा थेंब टाकला. घरी आल्यावर बाबांनी तो नवा थेंब पाहिला. "करून सवरून वर झाकतोस?" ते दादाला म्हणाले. "या पायरीवर पाय ठेवू नकोस." दादा गेला. गावातच आहे, चौकाच्या डावीकडे पंप दुरुस्त करतो. गाडीवर चादर पडली आणि दादाच्या जागी मी आले.

"ड्रिल दे," बाबा म्हणाले.

"बाबा, नको."

"स्क्रू कोरून काढतो."

"कडेला गेलं तर कार्बोरेटरची बॉडी फुटेल. ही बॉडी आता कुठे मिळत नाही."

"मग काय आरती ओवाळू? दे इकडे."

ते उठले. ड्रिल त्यांनीच घेतलं. हात हल्ली जरासा थरथरतो, हे आम्ही दोघंही बोलत नाही. ड्रिलचं टोक खाचेवर टेकलं, घसरलं, पुन्हा टेकलं. गप्प राहिले असते तर पाच मिनिटांत बॉडी फुटली असती, गाडी भंगारात गेली असती आणि माझी चोरीही तिच्याबरोबर. खरं सांगते, एक क्षणभर मला ते हवंसं वाटलं. स्वतःची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

"तो गंज नाही," मी म्हणाले. "गोंद आहे. गरम केल्याशिवाय सुटणार नाही."

ड्रिल थांबलं.

"तुला कसं ठाऊक?"

"मी लावला. स्क्रू मीच फिरवला होता, बाबा. दादाने नाही. नंतरचा थेंबही माझाच."

त्यांनी ड्रिल टेबलावर ठेवलं. वायर नीट गुंडाळली. ओरडले असते तर बरं झालं असतं. बाहेर कुणीतरी कुणाला तरी गाडी मागे घे, मागे घे म्हणून सांगत होतं, तेवढाच आवाज.

"किती थेंब?" त्यांनी विचारलं.

"गोंदाचे? दोन."

"एक पुरला असता," ते म्हणाले आणि खाली बसले. "सोल्डरिंग आयर्न तापव."

तापलेलं टोक मी स्क्रूच्या डोक्यावर धरलं. जुनं नेलपॉलिश जळून उग्र वास सुटला. दोन मिनिटं, तीन, चार. मग पेचकस लावला, आणि खाचेचा उरलेला काठही जाईल या भीतीने श्वास धरून जोर दिला. कट्ट. स्क्रू हलला.

"आधी तळापर्यंत आवळ. मोजत."

"सव्वा फेरा."

"घाबरून जास्तच मागे घेतलंस."

"हो."

"आता मी सांगणार नाही किती. कान लाव आणि तूच ठरव."

कार्बोरेटर गाडीवर बसवून, इंजिन तापवून, डोळे मिटून मी स्क्रू फिरवला. आवाज गोल झाला तिथे थांबले. पावणेदोनच्या केसभर पुढे. धूर गेला. मी सवयीने नेलपॉलिशच्या बाटलीकडे हात नेला. "थेंब नको," बाबा म्हणाले. साडेतीन वाजले होते.

ते मागे बसले. चौकात सिग्नल लाल होता. नेमक्या त्याच जागी थांबलो, आणि आरशात बाबांची नजर डावीकडे, दादाच्या दुकानाच्या रस्त्याकडे लागलेली दिसली. इंजिन एका लयीत चाललं होतं, आणि मी कधी नव्हे ते मनात म्हणत होते, पड गं बाई, बंद पड. समोर तपासणीचं ऑफिस. वीस मिनिटं उरलेली. हिरवा लागला.

"डावीकडे घे," बाबा म्हणाले.

"खिडकी बंद होईल. गाडी जाईल, बाबा."

"घे डावीकडे."

पंपाच्या दुकानातून दादा आम्ही पोचायच्या आधीच बाहेर आला होता. आवाज ओळखला असणार. केस पिकलेत त्याचे. हात फडक्याला पुसत तो उभा राहिला. मी इंजिन चालूच ठेवलं. ते चालू होतं तोवर मला बोलावं लागणार नव्हतं.

माझ्या खांद्यावरून बाबांचा थरथरता हात पुढे आला. त्यांनी चावी फिरवली.

"बोल," ते म्हणाले.